पायातले कडे वाचणारा कॅमेरा

स्थलांतर करणारे पक्षी समुद्रकिनाऱ्यावर एवढ्या संख्येने का दिसतात, याचे उत्तर किनाऱ्याच्या रचनेत आहे. जमिनीवरून आलेले अनेक पक्षी उघडा समुद्र टाळत कडेकडेने पुढे सरकतात आणि भूशिरांवर किंवा वाळूच्या दांड्यांवर त्यांची दाटी होते. तर चिखल्या, तुतारी, पाणटिवळे यांच्यासारख्या किनारपक्ष्यांना ओहोटीत उघड्या पडणाऱ्या चिखलात पुढच्या उड्डाणापुरती चरबी साठवण्याइतके अन्न मिळते.

या गर्दीची चिकाटीने नोंद ठेवणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एक म्हणजे हाइनरिश गेटके. हे चित्रकार 1837 मध्ये उत्तर समुद्रातील हेल्गोलांड या चिमुकल्या बेटावर गेले आणि 1897 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. अंधाऱ्या रात्री दीपगृहाच्या उजेडाकडे ओढले जाणारे थवे त्यांनी वर्षानुवर्षे टिपून ठेवले. मात्र त्या काळी अनोळखी पक्ष्याची खात्री पटवायची तर त्याला गोळी घालून हातात घ्यावे लागे, आणि मेलेला पक्षी पुढे कुठे जाणार होता हे अर्थातच कधी कळत नसे.

ही अडचण डेन्मार्कमधील शिक्षक हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन यांनी सोडवली. त्यांनी 1899 मध्ये स्टारलिंग पक्ष्यांच्या पायांत क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालून त्यांना सोडून दिले. लगेच 1901 मध्ये योहानेस थिनेमान यांनी बाल्टिक किनाऱ्यावरील रॉसिटेन येथे पक्षी निरीक्षण केंद्र सुरू केले आणि कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. तरीही क्रमांक वाचण्यासाठी पक्षी पुन्हा जाळ्यात यावा लागे किंवा मेलेला सापडावा लागे.

कॅमेरा या क्षेत्रात आला तो घरट्यापाशी. रिचर्ड आणि चेरी कीर्टन या इंग्रज बंधूंनी 1892 मध्ये घरट्यातील अंड्यांचे छायाचित्र घेतले आणि पुढे पक्ष्यांजवळ जाण्यासाठी आत लपता येईल असा बैलाच्या आकाराचा पोकळ सांगाडाही वापरला. प्रकाश हळू टिपणाऱ्या काचेच्या प्लेटवर छायाचित्र उतरवायचे तर पक्षी एका जागी परतणारा हवा. चिखलावर क्षणभर टेकून थव्यासह उडून जाणारा पाहुणा त्या यंत्राच्या आवाक्याबाहेरच होता. लांब पल्ल्याची भिंगे, वेगवान फिल्म, स्वयंचलित फोकस आणि शेवटी डिजिटल तंत्र आल्यावर हे अंतर मिटले. माझ्या मते त्यातला खरा बदल चित्राच्या देखणेपणापेक्षा पुराव्याचा आहे, कारण आता किनारपक्ष्यांच्या पायांत अक्षरे कोरलेल्या रंगीत पट्ट्या बसवतात आणि त्या दुरूनच दुर्बिणीतून किंवा छायाचित्रात वाचता येतात. भरतीचे पाणी चढू लागले की विखुरलेले पक्षी आपणहून किनाऱ्याकडे सरकतात, म्हणून जाणकार निरीक्षक त्यांच्या मागे न धावता आधीच जागा धरून स्थिर बसतो. थवा उठवला तर साठवलेली चरबी वाया जाते.

अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडील किनाऱ्यावर 1995 मध्ये कडे घातलेला आणि पुढे ‘बी 95’ ही पट्टी मिळालेला रेड नॉट जातीचा एक किनारपक्षी असाच दुरून वर्षानुवर्षे ओळखला गेला. मे 2014 मध्ये तो उत्तर अमेरिकेतील डेलावेअर उपसागराच्या किनाऱ्यावर दिसला, तेव्हा त्याचे वय किमान 20 वर्षे होते.