थळ घाट रेल्वेमार्ग

थळ घाट रेल्वेमार्ग (कसारा घाट) : ठाणे जिल्ह्यातील कसारा आणि नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी यांच्या दरम्यान सह्याद्री चढणारा मध्य रेल्वेचा ब्रॉडगेज मार्ग. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बांधलेल्या या मार्गावरून १ जानेवारी १८६५ पासून इगतपुरीपर्यंत गाड्या धावू लागल्या. विद्युतीकरण १९३० मध्ये झाले.

सुमारे १५ किमी. अंतरात गाडी जवळजवळ ३०० मी. वर येते. सर्वांत तीव्र चढ ३७ मीटरला १ मीटर. रस्त्यावरच्या मोटारीला हा चढ जाणवणारही नाही. पण गुळगुळीत रुळांवर हजार टनांच्या गाडीला तो सुमारे २७ टन जोराने मागे ओढतो. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटाला जादा इंजिने, म्हणजे बँकर, जोडतात. ती पुढेच का जोडत नाहीत? सगळी ओढ पुढून घेतली तर डबे जोडणाऱ्या कपलिंगवर फार ताण येतो, आणि ते तुटले तर मागचे डबे उताराला लागतात. मागून रेटा असला की दोन्ही धोके टळतात. पावसाळ्यात ओल्या रुळांवर चाके जागीच फिरतात; तेव्हा लोको पायलट चाकांपुढे वाळू सोडतो. इगतपुरीला बँकर सुटतात. तेवढ्या थांब्यात फलाटावर वडापाव खाऊन होतो, पण डब्यापासून लांब जाऊ नये.

उतरताना भिस्त ब्रेकवर. चाकांचे ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापून त्यांची पकड सैल होते, त्यामुळे इंजिनाच्या विद्युत ब्रेकवर जास्त भार देतात. घाटातल्या कॅच सायडिंगचे, म्हणजे सुटलेली गाडी अडवणाऱ्या बाजूच्या मार्गाचे, सांधे (रूळ बदलण्याची जागा) एरवी चढावर जाऊन संपणाऱ्या रुळांकडेच लावलेले असतात. गाडी ताब्यात असल्याची खात्री पटली तरच मुख्य मार्ग मिळतो. सुटलेली गाडी त्या चढावर आपोआप थांबावी, हा हेतू.

मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानीला दोन्ही टोकांना इंजिन असते आणि शिर्डी वंदे भारतच्या डब्यांखालीच मोटारी असतात, त्यामुळे या गाड्यांना बँकर लागत नाहीत.

बोगद्यांमागून बोगदे आणि सुमारे ५५ मी. उंचीचा एहेगावचा पूल ही घाटाची मुख्य आकर्षणे. पुलाची उंची गाडीतून मात्र कळत नाही. खिडकीत फक्त दरी येते. जुलै ते सप्टेंबर धबधबे भरात असतात, पण दरड कोसळून वाहतूक खोळंबते तीही याच दिवसांत. दारात उभे राहू नये, बोगद्याची भिंत फार जवळून जाते.

नाशिककरांची पंचवटी एक्सप्रेस सकाळी घाट उतरते, परतताना मात्र अंधार पडलेला असतो. चढण उजेडात पाहायची तर सकाळी मुंबईहून सुटणारी तपोवन एक्सप्रेस सोयीची. उपनगरी लोकल कसाऱ्यालाच संपते.