कॉमन, आल्फ

कॉमन, आल्फ : (25 मे 1880 – 3 एप्रिल 1946). इंग्लिश फुटबॉलपटू. एक हजार पौंडांना विकला गेलेला पहिला खेळाडू. जन्म संडरलंडमध्ये. धिप्पाड, अंगावर येणाऱ्या बचावपटूला न जुमानणारा हा फॉरवर्ड 1901 मध्ये संडरलंड क्लब सोडून शेफील्ड युनायटेड क्लबकडे गेला. 1902 च्या एफए कपच्या (इंग्लंडमधल्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात साउदॅम्प्टनविरुद्ध शेफील्डचा गोल त्याचाच. सामना 1–1 असा सुटला आणि फेरसामन्यात शेफील्डने कप जिंकला. इंग्लंडकडून तो 1904 ते 1906 या काळात तीन सामने खेळला, दोन गोल केले.

1904 मध्ये 520 पौंडांना तो संडरलंडला परतला, पण एक हंगामही टिकला नाही. फेब्रुवारी 1905 मध्ये मिडल्सब्रो क्लबने त्याच्यासाठी हजार पौंड मोजले आणि वर्तमानपत्रांत गहजब उडाला. माणसांची गुरांसारखी खरेदी-विक्री चालली आहे, असा टीकेचा सूर होता. त्यातली खरी मेख वेगळीच होती. त्या काळी लीगमध्ये खेळाडूला आठवड्याला चार पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे. म्हणजे कॉमनची किंमत त्याच्याच जवळजवळ पाच वर्षांच्या पगाराएवढी, आणि ती जाणार क्लबच्या तिजोरीत. त्याच्या हाती करारापोटी फार तर दहा पौंड पडायचे.

मिडल्सब्रो तेव्हा लीगच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, डिव्हिजनच्या तळाशी गटांगळ्या खात होता. परक्या मैदानावर जिंकून जवळपास दोन वर्षे झाली होती. कॉमनचा पहिलाच सामना त्याच्या जुन्या क्लबच्या, शेफील्ड युनायटेडच्या, मैदानावर झाला. मिडल्सब्रोला पेनल्टी मिळाली, ती त्याने मारली, आणि त्या एकमेव गोलवर संघ जिंकला. हंगामाअखेर मिडल्सब्रो 18 संघांत पंधरावा आला. गंमत म्हणजे पुढच्या हंगामापासून डिव्हिजन 20 संघांची झाल्याने, एरवी खालच्या डिव्हिजनमध्ये घसरणारे तळाचे दोन संघही तिथेच राहिले. त्यामुळे हजार पौंडांनी नेमके काय वाचवले, हा प्रश्न उरतोच.

वाढत्या किमतींना आवर घालण्यासाठी 1908 मध्ये 350 पौंडांची मर्यादा घालण्यात आली, पण ती काही महिन्यांतच गुंडाळावी लागली. 1910 मध्ये कॉमन वुलिच आर्सेनलकडे गेला. डिसेंबर 1912 मध्ये प्रेस्टनने त्याला घेतले, ते 250 पौंडांना. त्याच हंगामात प्रेस्टनने दुसरी डिव्हिजन जिंकली. 1914 मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने डार्लिंग्टनमध्ये पब चालवला. त्याचे निधनही तिथेच झाले.