कौटुंबिक छायाचित्रण (नाशिक)

कौटुंबिक छायाचित्रण म्हणजे एखाद्या घरातली माणसे, त्यांची नाती आणि घरचे प्रसंग यांची छायाचित्रे मोबदला घेऊन काढण्याचा, आणि ती पुढच्या पिढीच्या हाती नीट पडतील अशी तयार करून देण्याचा व्यवसाय. लग्नाचे काम हा त्यातला सर्वांत मोठा वाटा. पण बारसे, बोरन्हाण, मुंज, डोहाळजेवण, वास्तुशांत, सहस्रचंद्रदर्शन, परदेशी निघालेल्या मुलासोबत सगळ्यांनी घाईघाईने काढून घेतलेला एक ग्रुप आणि घरातले कोणी गेल्यावर भिंतीवर लागणारी तसबीर हेही याच व्यवसायात येते. नाशिकमध्ये या व्यवसायाला एक फार जुना शेजार आहे. त्याच्याशिवाय इथल्या फोटोंची गोष्ट अपुरी राहते.

वही आणि फोटो

रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी येणाऱ्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद तीर्थपुरोहितांच्या वह्यांत असते. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की गुरुजी बासनातून वही काढतात, पाने उलटतात आणि पणजोबा कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवतात. खाली त्यांची सही असते, कधी अंगठा. मग आलेल्या माणसाने आपल्या हाताने पुढची नावे लिहायची. आपल्या आजोबांचे मोडी वळणाचे अक्षर पहिल्यांदा गंगेवर पाहिलेली माणसे पुष्कळ आहेत. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.)

या वहीत नावे आहेत, चेहरे नाहीत. शिवाय ती मुख्यतः पुरुषवंशाच्या क्रमाने चालते. घरातल्या पेटीत पडलेल्या फोटोंचे नेमके उलटे असते. तिथे चेहरे आहेत, आज्या-पणज्या, आत्या, माहेरवाशिणी सगळ्या आहेत, पण नावे नाहीत. ज्यांना नावे ठाऊक होती ती माणसे गेली की तो फोटो अनोळखी लोकांचा होतो, आणि घर आवरताना रद्दीत जातो. वहीने जे राखले ते फोटोने राखले नाही आणि फोटोने जे राखले ते वहीने नाही. कौटुंबिक छायाचित्रकाराचे खरे काम या दोन्हींची गाठ घालण्याचे आहे, अशी या नोंदीची भूमिका आहे.

पूर्वपीठिका

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी होते. सामान्य घरात मात्र फोटो यायला पुढे बराच काळ गेला, त्याला खर्चाइतकेच भयही कारण होते. फोटो काढल्याने आयुष्य कमी होते, असा समज होता. त्याचा फटका बसलेला सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रकार नाशिक जिल्ह्यातलाच. त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्याच्या आधी गुजरातेत छायाचित्रणाचा व्यवसाय करत. गोध्र्यात असताना प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल गेले. पुढे बडोद्यात, कॅमेरा माणसाचा जीव ओढून घेतो या अफवेने त्यांचा धंदा बसला.

त्याच फाळक्यांनी १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी केली आणि १९१९ च्या ‘कालियामर्दन’मध्ये आपल्या लहान मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण केले. चित्रपटाच्या आरंभी केवळ तिच्या चेहऱ्यावरचे बदलते भाव दाखवले आहेत. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे त्याकडे अभिनयाचा नमुना म्हणून पाहतात. पण एका बापाने आपल्या लेकीला जवळून, निवांत, डोळे भरून पाहिल्याचा तो पुरावाही आहे, आणि शंभर वर्षे उलटल्यावरही तो शिल्लक आहे. फाळके १९४४ मध्ये नाशिकमध्येच वारले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात घरच्या फोटोचे ठिकाण म्हणजे गावातला, मेन रोड-रविवार कारंजा भागातला स्टुडिओ. मागे रंगवलेला पडदा, बाजूला फुलदाणीचा उंच स्टँड, काळ्या कापडाखाली गेलेला फोटोग्राफर आणि ‘हलू नका’ हे शब्द. स्थळाला पाठवायचा मुलीचा फोटो इथेच निघे. त्यासाठी मैत्रिणीची किंवा वहिनीची साडी नेसलेली असे. बडोद्यात तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा आल्यावर काही घरांत स्वतःचा कॅमेरा आला. एका रोलवर १२ चौकोनी फोटो निघत, त्यामुळे प्रत्येक बटण विचार करून दाबले जाई. पुढे ३६ फोटोंचा रंगीत रोल, रोल धुऊन देणाऱ्या लॅब, मग डिजिटल आणि मोबाइल आला. पासपोर्ट फोटोवर मात्र स्टुडिओंची रोजची चूल अनेक वर्षे पेटली. त्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका छापल्या जातात त्याही नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातच.

दहाव्याचा फोटो

या व्यवसायातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम कोणत्याही दरपत्रकावर नसते. रात्री उशिरा फोन येतो, ‘आई गेली. दहाव्याला फोटो लागेल. चांगला असा एकच आहे, पण त्यात ती मागे उभी आहे.’ रामकुंडावर दशक्रियेसाठी ठेवायची आणि पुढे घराच्या भिंतीवर हार घालून लावायची ती तसबीर बहुधा एखाद्या लग्नाच्या ग्रुपमधून कापून काढावी लागते. चेहरा नखाएवढा असतो, शेजारणीचा खांदा मध्ये आलेला असतो, पदराची कड तुटलेली असते. पूर्वी हे काम निगेटिव्हवर पेन्सिलने आणि प्रिंटवर ब्रशने होई, आता संगणकावर होते.

हे बायकांच्या वाट्याला जास्त येते. पुरुषाचा एखादा ओळखपत्राचा, नोकरीचा, सत्काराचा फोटो असतो. आईचा एकटीचा फोटो लग्नाआधी निघाला तो निघाला. त्यानंतर ती दर समारंभात वाढण्यात, आहेर मोजण्यात, पाहुण्यांची चहाची सोय बघण्यात असते आणि ग्रुप लागला की मागच्या रांगेत, हात पुसत येऊन उभी राहते. म्हणून जाणता छायाचित्रकार कोणत्याही निमित्ताने घरी गेला की ज्येष्ठांचा प्रत्येकी एक एकट्याचा, खिडकीच्या उजेडातला, शांत चेहऱ्याचा फोटो न सांगता काढून ठेवतो. त्याचे वेगळे पैसे लावू नयेत आणि तो कशासाठी आहे हेही सांगू नये. तो कधीतरी लागतो.

तुटलेला भाग भरताना हल्ली संगणकाची स्वयंचलित साधने चेहरा ‘सुधारून’ देतात. त्यात डोळे सारखे होतात, सुरकुत्या जातात, आणि मुलगी म्हणते, ‘छान आहे, पण ही आई नाही.’ गालावरचा तीळ, किंचित पुढे आलेला दात, तिरकी लागलेली टिकली यांतच माणूस असतो. दुरुस्ती कागदाच्या जखमांची करावी, माणसाच्या चेहऱ्याची नव्हे.

काम कसे चालते

लग्नसराई तुळशीच्या लग्नापासून सुरू होऊन उन्हाळ्याअखेर संपते. चातुर्मासात मुहूर्ताची कामे थांबतात. घरगुती फोटोंना हाच काळ चांगला, कारण आकाश ढगाळ असल्याने उजेड मऊ असतो आणि त्र्यंबक रोडपासून गंगापूर धरणापर्यंत सगळे हिरवे असते. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बोरन्हाणांची गर्दी होते. हलव्याचे दागिने पांढरे आणि झबले काळे, म्हणून त्या दोन्हींचा तपशील एकाच फोटोत राखणे हे कसबाचे काम आहे. पोराने बोरे उचलून तोंडात घालण्याचा क्षण मात्र एकदाच येतो.

गोदाघाटावर फोटो काढायचे तर सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांत. घाट आणि देवळे काळ्या पाषाणाची. एवढे काळे समोर आले की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर फसतो, उजेड वाढवतो, आणि पांढरे धोतर व गोरे-सावळे चेहरे सगळेच उडून जातात. म्हणून तिथे उजेड साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा, ठेवतात. मोठ्या ग्रुपमध्ये आजी-आजोबा खुर्चीवर, नातवंडे पुढे जमिनीवर, मुलगे-सुना-लेकी-जावई मागे ही बैठक जुनीच आहे आणि ती मोडण्याचे काही कारण नाही, कारण ती पाहूनच पुढे नाते ओळखता येते. कोणाची कोणाशी बोलाचाली बंद आहे हे आधी घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईला विचारून घ्यावे. आजींना ‘हसा’ म्हणू नये, त्यांना त्यांच्या माहेराबद्दल विचारावे.

स्टुडिओसाठी शॉप ॲक्टखाली नोंद करावी लागते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर केवळ ऑनलाइन सूचना पुरते. भांडणे मात्र दुसऱ्याच गोष्टींवरून होतात. फोटो किती मिळणार, अल्बम कधी, मूळ फाइली देणार का, आणि त्या किती वर्षे ठेवणार, हे सगळे विसार घेतानाच कागदावर यावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. त्यामुळे ग्राहकाच्या बाळाचा फोटो दुकानाच्या काचेत किंवा इंस्टाग्रामवर लावण्याआधी त्याला विचारणे हा केवळ शिष्टाचार नाही.

जपणूक

पूर्वीचे कृष्णधवल फोटो चांदीच्या क्षारांवर बनत. ते नीट धुतलेले असतील तर शंभर वर्षेही टिकतात. १९७०-८० च्या दशकांतले रंगीत फोटो मात्र रंगद्रव्यांचे असतात आणि ती सारख्या वेगाने उडत नाहीत. म्हणून त्या काळच्या अल्बममधली सगळी लग्ने आता लालसर दिसतात. आजीचे फोटो स्पष्ट आणि आईचे पुसट, असे उलटे चित्र अनेक घरांत आहे. स्कॅन करायला सुरुवात करायची तर रंगीत फोटोंपासून करावी.

सर्वांत मोठे नुकसान केले ते चिकट पानांच्या अल्बमने. त्यातला डिंक वर्षांनी पिवळा पडतो आणि फोटोला आतून धरतो. फोटो निघत नसेल तर ओढू नये, पानासकट स्कॅन करावा. काचेला चिकटलेल्या तसबिरीचेही तसेच, काचेवरूनच फोटो काढून घ्यावा. लॅमिनेशन करू नये, ते परत सुटत नाही. ठेवायची जागा घरातल्या मधल्या खोलीतले लाकडी किंवा लोखंडी कपाट. माळा नको, बाहेरची ओल येणारी भिंत नको. पावसाळ्यात बुरशी धरते आणि कसर कागद खाते, म्हणून दसऱ्याच्या आवराआवरीत अल्बम एकदा सावलीत उघडून वारा द्यावा.

गावातल्या घरांना पुराचीही धास्ती असते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीला मोठे पूर आले. पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आले यावरून नाशिककर पूर मोजतात आणि ते वर चढले की सराफ बाजार, भांडी बाजार भिजतात. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की गेलेच. ते ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात अलगद सुटे करावेत, गाळ धुवावा, आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवावेत. वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि नंतर थोडे थोडे करून सोडवावेत. उन्हात टाकू नयेत, फोटो वळतात आणि तडकतात.

लहान प्रिंट ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके), निगेटिव्ह त्याहून बरेच जास्त ठेवून स्कॅन करावी. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी, नात्यातल्या कोणाकडे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बारीक होऊन जातो, ती प्रत जपणुकीची नव्हे. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटींना आता थांबायला वेळ नाही. २०१६ मध्ये जगातल्या शेवटच्या कंपनीनेही त्यांचे यंत्र बनवणे थांबवले.

नावे

एवढे सगळे करून फोटोमागे नाव नसेल तर वर सांगितलेल्या पेटीचीच गत होते. काही छायाचित्रकार म्हणून अल्बमसोबत अर्धा दिवस घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ बसतात. फोटो एकेक पुढे करायचा, मोबाइलवर आवाज मुद्रित करायचा, आणि त्यांना बोलू द्यायचे. नावाबरोबर वाड्याचा मालक, आंब्याचे झाड, कोणाचे कोणाशी जमत नव्हते, हेही येते. आवाज तसाच जपावा, तोही ठेवाच आहे.

लिहायचे ते मागच्या बाजूला, कडेला, मऊ शिसपेन्सिलने. बॉलपेनची ओळ पुढे उमटते आणि शाई झिरपते. मोठ्या ग्रुपसाठी ट्रेसिंग कागदावर डोक्यांच्या आकृत्या काढून आकडे घालावेत आणि वेगळ्या कागदावर डावीकडून उजवीकडे नावे लिहावीत. ‘काकू’, ‘ताई’, ‘बापू’ असे लिहू नये, कारण कोणाच्या काकू हे पन्नास वर्षांनी कोणाला कळणार नाही. पूर्ण नाव, गाव, अंदाजे साल. आणि बायकांच्या बाबतीत दोन्ही नावे: लग्नात तांदळावर लिहिलेले सासरचे आणि त्याआधीचे माहेरचे.