४ एमबीत मावणारं लिनक्स

लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा वायफाय राउटर २००२च्या अखेरीस बाजारात आला. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये १२५ मेगाहर्ट्झचा मिप्स प्रोसेसर, १६ एमबी रॅम आणि सगळं सॉफ्टवेअर ठेवायला ४ एमबी फ्लॅश, एवढाच संसार. आत चालत होतं लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम. ते लोकांच्या लक्षात आल्यावर लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार (सॉफ्टवेअर देणाऱ्याने त्याचा मूळ कोडही द्यावा, अशी त्याची अट) २००३मध्ये मूळ कोड खुला करावा लागला. पुढच्याच वर्षी त्यातून राउटरसाठी खुलं सॉफ्टवेअर बनवणारा ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला.

पण नुसता कोड मिळून भागत नाही. त्याचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला ४ एमबीत पाय ठेवायलाही जागा नाही. म्हणून कंपायलर चालतो आपल्या लॅपटॉपवर, इंटेलच्या प्रोसेसरवर. त्यातून निघणारा प्रोग्रॅम मात्र फक्त मिप्सला कळतो. हेच क्रॉस-कंपायलेशन.

असा कंपायलर घडवतानाच एक पेच येतो. जीसीसी हा खुला कंपायलर पूर्ण बनवायला सी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमना नेहमी लागणाऱ्या तयार कोडचा संच, लागते आणि ती लायब्ररी बनवायला कंपायलर. मग आधी लायब्ररीविना चालणारा अर्धामुर्धा जीसीसी बनवायचा, त्याच्याकडून सी लायब्ररी घडवून घ्यायची आणि तिच्या आधाराने पूर्ण जीसीसी पुन्हा बांधायचा. मला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो.

पुढेही खाचखळगे आहेतच. बरीच सॉफ्टवेअर बांधणीआधी छोटे चाचणी प्रोग्रॅम चालवून यंत्राचा अंदाज घेतात. मिप्ससाठी बनलेली चाचणी लॅपटॉपवर चालणार कशी? उत्तरं आधीच लिहून द्यावी लागतात. त्याहून घातक म्हणजे लॅपटॉपची हेडर फाइल (लायब्ररीत काय आहे हे कंपायलरला सांगणारी फाइल) चुकून आत शिरणं. बांधणी बिनबोभाट पार पडते आणि प्रोग्रॅम राउटरवर गेल्यावर कोसळतो. म्हणून राउटरच्या लायब्ररी आणि हेडर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून कंपायलरला तिथेच बघायला लावतात.

जागेचा प्रश्न बिझीबॉक्सने सोडवला. एलएस, सीपी, माउंट अशा कितीतरी आज्ञा या एकाच प्रोग्रॅममध्ये असतात. ज्या नावाने हाक माराल ते काम तो करतो. जोडीला यूसीलिबसी ही आटोपशीर सी लायब्ररी होती. हे सगळं क्रमाने बांधणारी बिल्डरूट ही व्यवस्था ओपनडब्ल्यूआरटीने पाया म्हणून घेतली.

इथे जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीतली एक अट फार मोलाची ठरते. तिच्यानुसार मूळ कोडमध्ये कंपायलेशन आणि इन्स्टॉलेशन नियंत्रित करणाऱ्या स्क्रिप्टही येतात. आजही काही उत्पादक नुसता कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, कोड देऊन मोकळे होतात. बांधणीच्या स्क्रिप्टविना तो कोड वाचता येतो, पण त्यातून आपल्या राउटरसाठी फर्मवेअर, म्हणजे त्यात बसवायचं सॉफ्टवेअर, बनवताना माणूस मेटाकुटीला येतो. ग्राहकांनी कोड मागताना स्क्रिप्टही मागायलाच हव्यात.

स्वतः करून पाहायचं असेल तर लिनक्स असलेला लॅपटॉप पुरतो. ओपनडब्ल्यूआरटीचा कोड उतरवा, ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ देऊन आपला राउटर निवडा आणि ‘मेक’ चालवा. पहिल्या वेळी कंपायलरसुद्धा शून्यापासून बांधला जातो, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर काही तास जाऊ शकतात. पुढच्या वेळी तो तयारच असतो.