दाव्याचा खर्च (घरमालक–भाडेकरू वाद, नागपूर)

घर खाली करून घेण्याच्या दाव्यात जिंकलेल्या पक्षाला हरलेल्याकडून मिळणारी रक्कम म्हणजे दाव्याचा खर्च. निकालाच्या शेवटी ‘दावा खर्चासह मंजूर’ असे असले तर मालकाला तो मागता येतो. दावा खर्चासह फेटाळला गेला, तर तोच हक्क भाडेकरूकडे जातो. ‘ज्याने त्याने आपापला खर्च सोसावा’ असा आदेश झाला, की विषय तिथेच मिटतो.

महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांचे कितीतरी वाद १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेशाखाली चालले. त्यात आधी भाडे नियंत्रकाची परवानगी घ्यायची, मग नोटीस द्यायची आणि त्यानंतर दिवाणी दावा लावायचा. म्हणजे वकिलाची फीही दोनदा. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. आता दावा थेट लघुवाद न्यायालयात लागतो आणि अपील जिल्हा न्यायालयात जाते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ प्रमाणे खर्च देणे न्यायाधीशाच्या मर्जीवर आहे. पण जिंकलेल्याला तो नाकारायचा असेल, तर कारण लेखी द्यावे लागते. आकडा ठरतो तो हुकूमनाम्याखालच्या (निकालावरून निघणाऱ्या औपचारिक आदेशाखालच्या) तक्त्यात. त्यात कोर्ट फी, वकीलपत्राचा स्टॅम्प, समन्सची फी, साक्षीदारांचा भत्ता आणि वकिलाची फी अशा बाबी असतात. ही वकील फी नियमाने काढलेली असते. पक्षकाराने पाच-सात वर्षे तारखेगणिक मोजलेल्या पैशांशी तिचा फारसा संबंध नसतो, आणि पहिल्यांदा तक्ता पाहणारा माणूस हमखास वकिलाकडे संशयाने बघतो. खोट्या दाव्याबद्दल कलम ३५-अ खाली मिळणारी भरपाईही ३,००० रुपयांवर जात नाही. दिल्लीतल्या एका मालक-भाडेकरू वादात उच्च न्यायालयाने ४५ लाखांवर खर्च लावला होता. नियमांत बसत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो रद्द केला.

भाडे थकल्याच्या दाव्यात भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ चा मुद्दा भाडेकरूच्या कामाचा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरली, पुढचे भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्चही दिला, तर त्या कारणावरून घर जात नाही. खर्चाची रक्कम किरकोळ म्हणून ती राहू देणे इथे महागात पडू शकते.

मालकाची खरी वसुली बहुधा वेगळ्या वाटेने होते. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला याच अधिनियमाच्या कलम २४ खाली ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. बेदखलीच्या हुकुमाला अपिलात स्थगिती देताना बाजारभावाने रक्कम भरण्याची अट घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आत्माराम प्रॉपर्टीज प्रकरणात सांगितले. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, वकिलाची नाही.

खर्च आपण होऊन दिला नाही, तर ताब्याप्रमाणेच त्यासाठीही दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावता येते. मुदत १२ वर्षांची. पण बेलिफाच्या समक्ष कुलूप उघडून किल्ली हातात आली, की तक्त्यातल्या त्या रकमेसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढायला मालक सहसा तयार नसतो.