मॉडेल पाणबुडीत पाणी शिरू नये म्हणून
(रिमोटची पाणबुडी किंवा तिचे किट घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

फोंड्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे बहुतेक जण पहिल्यांदा विचारतात, की बाहेरच्या कवचाच्या फटी कशाने बुजवायच्या? त्या बुजवू नका. कवचात पाणी भरायलाच हवे, कारण आत हवा कोंडली तर पाणबुडी बुडणारच नाही. भारतीय नौदलाच्या ६७.५ मीटर लांबीच्या 'कलवरी' पाणबुडीचे १:७२ मॉडेल साधारण ९४ सेंमी होते. त्या सगळ्या लांबीत कोरडा राहायला हवा तो फक्त आतला सिलिंडर. मोटर, सर्वो (सुकाणू हलवणारी छोटी मोटर), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि बॅटरी त्यातच असतात. तेव्हा सगळी काळजी तिथे घ्या.

खोलीची भीती फार बाळगू नका. एक मीटर खाली ७५ मिमी व्यासाच्या झाकणावर सुमारे साडेचार किलोचा भार येतो, आणि तो झाकण आत दाबतो, म्हणजे बसवलेले झाकण बसलेलेच राहते. पाणी शिरते ते ओ-रिंगवर (झाकणाच्या खाचेत बसणाऱ्या गोल रबरी कडीवर) राहिलेल्या केसामुळे, वाळूच्या कणामुळे, पुसताना सुटलेल्या कापडाच्या धाग्यामुळे. झाकण लावण्याआधी रिंग काढा, बोटांमधून फिरवून बघा, खाच पुसा आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. रिंगवर फक्त चकाकी दिसावी. ग्रीसचे गोळे राहिले तर त्यांना कचरा चिकटतो. आमच्या रिंगा नायट्राइल रबराच्या आहेत, त्यांना हे ग्रीस चालते. बाजारातून सिलिकॉन रबराची रिंग आणून बसवलीत तर याच ग्रीसने ती फुगते. खोबरेल तेल लावू नका. सिलिंडरची नळी ॲक्रिलिकची (काचेसारख्या प्लास्टिकची) आहे, तेव्हा पेट्रोल, थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका. बारीक तडे जातात आणि पुढे तिथूनच गळते. साबणाचे पाणी पुरते.

गोव्यात गळतीचे एक कारण वेगळेच असते, ते म्हणजे ऊन. गाडीत तापलेला सिलिंडर ४५ अंशांवर बंद केला आणि २८ अंशांच्या पाण्यात सोडला, तर आतली हवा आकसते आणि दाब पाच टक्क्यांहून अधिक उतरतो. म्हणजे पाणबुडी पृष्ठभागावर तरंगत असतानाच सीलवर अर्ध्या मीटर खोलीइतका ताण येतो. म्हणून झाकण सावलीत, सिलिंडर थंड झाल्यावरच लावा.

प्रोपेलरच्या शाफ्टवर (पंखा फिरवणाऱ्या दांड्यावर) ओठाचे सील असते, म्हणजे शाफ्टला टेकलेली पातळ रबरी कड. त्याचा ओठ पाण्याच्या बाजूला असतो आणि बाहेरून दाब आला की तो शाफ्टला आवळून बसतो. म्हणूनच आत हवा भरून बादलीत बुडबुडे बघण्याची रीत या सीलसाठी फसवी आहे: उलट्या दिशेने हवा सुटते आणि चांगले सील खराब वाटते. आम्ही हवा ओढून तपासतो, तुम्हीही तसेच करा. सिलिंडरच्या तपासणीच्या नळीला ५० मिलीची सिरिंज लावा, दट्ट्या शून्यावर ठेवून सुरुवात करा, पूर्ण ओढा आणि दहा मिनिटे तसाच धरून ठेवा. आत पाऊण लिटर मोकळी हवा असेल तर हा ताण सुमारे ६० सेंमी खोलीइतका होतो. सोडल्यावर दट्ट्या जवळपास पूर्ण परत गेला तर सिलिंडर पक्का. बाहेरच राहिला तर हवा कुठून तरी आत आली आहे. मग झाकणाच्या रिंगा, शाफ्ट आणि सुकाणूच्या दांड्यांवरचे रबरी बेलोज (घड्यांच्या लवचिक टोप्या) या क्रमाने बघा. शाफ्ट पाण्याबाहेर कोरडा पळवू नका. त्या ओठाचे आयुष्य तिथेच संपते.

स्वतः नवी वायर बाहेर काढणार असाल तर भोकात इपॉक्सी ओतण्याआधी तेवढ्या भागातले वायरीचे प्लास्टिक सोलून तारा इपॉक्सीत भिजू द्या. नाहीतर भोक बंद होते, पण बाहेरच्या टोकाकडून पाणी तारांच्या मधून आत सरकत येते.

पाणबुडी गोड्या पाण्यातच चालवा. मांडवी-जुवारीत भरतीचे खारे पाणी उन्हाळ्यात बरेच आत चढते, आणि खाऱ्या पाण्यात पाणबुडी खाली गेली की रिमोटचा सिग्नल तुटतो. देवळाच्या तळ्यांत कृपा करून सोडू नका.

पावसाळ्यात सिलिंडर बंद करून ठेवू नका. महिनोन् महिने दाबलेली रिंग चपटी होते. चवथीनंतर बाहेर काढाल तेव्हा रिंगा बदला. नव्या संचाला फार पैसे पडत नाहीत, भिजलेला रिसीव्हर मात्र महागात पडतो. दमट हवेत झाकण लावले तर आत धुके धरते. ती गळती नव्हे. सिलिका जेलची पुडी ठेवा.

खरी गळती ओळखायला प्रत्येक सीलजवळ टिश्यू पेपरची पट्टी चिकटवून ठेवा. पाणी शिरले तर प्रथम बॅटरी काढा. ती भिजली असेल तर चार्ज न करता घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा. पाणी खारे असेल तर बाकीचे भाग गोड्या पाण्याने धुऊन वाळवा. सिलिंडर दुरुस्तीला आणताना कोणती पट्टी ओली होती त्यावर पेनाने खूण करून आणा. ती खूण असली तर बहुधा तुमच्यासमोरच सील बदलून देता येते.