गाऱ्हाणे (गोवा)

गावावरचे संकट किंवा गावातला तंटा ग्रामदेवतेच्या कानावर घालून तिच्या साक्षीने त्यातून वाट काढण्याची लोकपरंपरा. कोंकणीत 'गाराणें'. तळकोकणातही ती आहे. पाऊस लांबला, गुरांत रोग शिरला, भाऊबंदकी विकोपाला गेली की गाव देवळात किंवा मांडावर जमतो. मांड ही विधींसाठी राखलेली पवित्र जागा. तिथे चपला घालून जात नाहीत.

गाऱ्हाणे पुजारी किंवा गावकार, म्हणजे गावातल्या मानकरी घराण्याचा माणूस, घालतो. गावडा या गोव्यातल्या आदिवासी समाजात हा मान जल्मीचा, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याचा. पुढ्यात नारळ आणि पानाचा विडा ठेवून तो सातेरी, बेताळ, राखणदार यांना एकेक करून हाक मारतो. सातेरी बहुधा वारुळाच्या, म्हणजे रोयणीच्या रूपात पुजली जाते. दर वाक्याला भोवतालचे लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बोलणे असते जर-तरचे: कोणाची चूकभूल झाली असेल, कोणी वाईट चिंतले असेल, तर ते दूर कर. नाव कोणाचेच येत नाही. ज्याच्या मनात खोट आहे तोही त्याच घोळक्यात हात जोडून होकार भरतो, आणि त्याला तोंड न लपवता माघारी येता येते. गाऱ्हाण्याचे खरे बळ इथे आहे.

निर्णय हवा असेल तर कौल लावतात. मूर्तीला पाण्याने कळ्या, पाकळ्या किंवा पाने चिकटवायची. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची तर नकार. म्हार्दोळच्या महालसेच्या देवळातील घंटा वाजवून खोटे बोलायला कोणी धजत नसे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ही देवी मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडली तेव्हा तिला फोंडा भागात आणले गेले.

कौलाचा आधार घेऊन एखाद्या घराला वाळीत टाकणे, किंवा आजारी माणसाला डॉक्टरकडे न नेता कौलावर विसंबणे, याला मात्र परंपरेची ढाल देता येणार नाही.

धर्म बदलला तरी ग्रामदेवतेशी नाते सगळीकडे तुटले नाही. फातर्प्याच्या शांतादुर्गा कुंकळ्ळीकरणीच्या छत्रोत्सवात कुंकळ्ळीच्या 12 वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, 12 छत्र्या निघतात. त्या वांगडांतली ख्रिस्ती घराणीही तिच्यासमोर हात जोडतात.